वाइड रिसीव्हरची ड्राफ्ट गाइड: दोन सीझन वापरून झाल्यावर

गेली दोन वर्षं मी पैसे भरून अमेरिकन फुटबॉलची एक ड्राफ्ट गाइड (कॉलेजमधून वर येणाऱ्या नवीन पोरांची माहिती) घेतोय, त्यातही माझ्या कामाचा फक्त वाइड रिसीव्हरचा, म्हणजे पुढे पळून हवेतला बॉल पकडणाऱ्यांचा भाग, आणि आता जळगाव, भुसावळ, धुळ्याकडचे चार-पाच जण सारखे विचारतात की भाऊ घेऊ का, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाचं सगळं सविस्तर लिहून टाकतो. गाइडचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत, आणि तसंही अशा सेवा पाच-सात आहेत, सगळ्यांची ठेवण साधारण एकच, त्यामुळे मी जे सांगतोय ते कुठलीही घेतली तरी उपयोगी पडेल.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल. मी बोदवडकडे जिनिंगला माल बघायचं काम करतो, कापूस आला की हात घालून बघायचा, ओलावा बघायचा, भाव ठरवायचा. मावसभाऊ कोलंबसला, ओहायोत, नोकरीला आहे, त्याच्यामुळे तिथल्या ओहायो स्टेट कॉलेजच्या मॅचेस बघायला लागलो आणि मग एनएफएल, म्हणजे तिकडची व्यावसायिक लीग. कापसाचा सीझन आणि फुटबॉलचा सीझन जवळपास बरोबरच चालतात, सप्टेंबर-ऑक्टोबरला दोन्ही सुरू आणि फेब्रुवारीपर्यंत दोन्ही, त्यामुळे दिवसभर जिनिंग आणि रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला मॅच असं आमचं चालतं. आमची दहा जणांची फँटसी लीग आहे (खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम करायची, त्यांच्या मॅचमधल्या आकड्यांवर आपले गुण), खेळाडू एकदा घेतला की वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतो असली, आणि दर मे महिन्यात नवीन पोरांचा आमचा स्वतःचा ड्राफ्ट होतो. पैशाचं काही नाही, जो शेवटचा येईल त्यानं डिसेंबरात सगळ्यांना भरीत-भाकरी द्यायची. पण चुकीचा रिसीव्हर घेतला तर तीन-तीन वर्षं भोगावं लागतं हे खरंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेजमध्ये खेळणारी पोरं एप्रिलच्या शेवटी ड्राफ्टमधून एनएफएलमध्ये जातात, ३२ टीम, ७ राउंड, ज्या टीमची कामगिरी वाईट तिला साधारण आधी निवडायला मिळतं. शाळा सुटून किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात. पहिला राउंड तिकडे गुरुवारी रात्री आठला म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला. जळगावच्या एप्रिलमध्ये दिवसातली तेवढीच वेळ माणसासारखं बसता येण्याची असते, त्यामुळे आम्ही गच्चीवर सतरंजी टाकून, चहा घेऊन तो बघतो आणि ऊन चढायच्या आत संपतो.

आता गाइड. साधारण अडीच हजार रुपये पडतात, पैसे डॉलरमध्ये कापले जातात म्हणून थोडं वरखाली. एक मोठी पीडीएफ मिळते, शिवाय वेबसाइटवर लॉगिन, तिथे व्हिडिओचे तुकडे. रिसीव्हर चाळीसएक असतात, प्रत्येकाला एक पान. पानाच्या वरच्या बाजूला मापं आणि कंबाइनचे आकडे, मध्ये खेळाचं वर्णन, खाली कॉलेजचे आकडे, मग 'हा अमुक खेळाडूसारखा आहे' असं एक वाक्य आणि शेवटी ग्रेड.

वरच्या पट्टीपासून सुरू करतो कारण नव्वद टक्के लोक तेवढंच वाचतात आणि तिथेच फसतात. कंबाइन म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला सगळ्या पोरांची तपासणी होते ती, उंची, वजन, हाताची लांबी, पंजाचं माप, ४० यार्ड धावणं, उभी उडी, लांब उडी, तीन कोन (जमिनीवर ठेवलेले शंकू) लावून वळणं, डॉक्टरची तपासणी, मुलाखती. गाइडमध्ये हे सगळं नीट दिलेलं असतं, चूक मला एकदाही सापडली नाही, आणि ४० यार्डाबरोबर पहिल्या १० यार्डाची वेळसुद्धा असते, जी माझ्या मते जास्त कामाची, कारण मॅचमध्ये रिसीव्हरला सरळ ४० यार्ड मोकळं पळायला किती वेळा मिळतं. पण गाइडवाले या आकड्यांना ग्रेडमध्ये फार वजन देतात आणि ते मला पटत नाही.

२०१७ चंच बघा. जॉन रॉस ४.२२ सेकंदात धावला, तेव्हाचा विक्रम, सिनसिनाटीनं त्याला ९ व्या नंबरला उचललं. त्याच ड्राफ्टमध्ये कूपर कप, ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या छोट्या कॉलेजचा, ४.६२, म्हणजे रिसीव्हरच्या मानानं हळूच, तो गेला ६९ व्या नंबरला. रॉसचा पहिल्या सीझनला एकही कॅच नाही आणि पुढे कुठल्याही एका सीझनला तो बॉल पकडून ५०६ यार्डांच्या वर गेला नाही. कपनं २०२१ ला १४५ कॅच, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन (बॉल घेऊन शेवटच्या रेषेपार जाणं) केले, तिन्हीत लीगमध्ये पहिला, वरून सुपर बोलचा, म्हणजे फायनलचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). आता कोणी म्हणेल की ही दोन टोकाची उदाहरणं आहेत, आहेतच, रॉसला दुखापतीपण खूप झाल्या, पण मुद्दा असाय की कप कॉर्नरबॅकला, म्हणजे रिसीव्हरला अडवणाऱ्याला, जसा चकवायचा, कुठे थांबायचं आणि कुठे बसायचं हे त्याला जसं कळायचं, ते ४० यार्डाच्या घड्याळात कुठेच दिसत नाही.

आमच्याकडे मशीनचा रिपोर्ट येतो तसंच आहे हे. रुईचा नमुना टेस्टिंगला पाठवला की धाग्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर (धागा किती जाड-बारीक) सगळं कागदावर छापून येतं आणि तो कागद खोटा नसतो. पण गाडी दारात उभी असताना चिमूटभर कापूस घेऊन दोन्ही अंगठ्यात ओढून बघितल्याशिवाय मी भाव बोलत नाही, कारण वरच्या थरात चांगला आणि खाली पाणी मारलेला असा माल कागदाला कळत नाही. कंबाइनचा आकडा मी दार म्हणून वापरतो, फारच हळू असेल तर आत घ्यायचा नाही, पण दारातून आत आल्यावर कोण पहिला कोण दुसरा हे त्यावरून ठरवायचं नाही. डीके मेटकाफ २०१९ ला २२८ पौंड वजनाचा असून ४.३३ धावला पण तीन कोनाच्या ड्रिलमध्ये ७.३८ लागले म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि तो ६४ व्या नंबरपर्यंत घसरला, आणि दुसऱ्याच वर्षी १,३०३ यार्ड. त्याला कोन फिरायचेच नव्हते, त्याला सरळ पळून बॉल घ्यायचा होता आणि सिएटलनं त्याच्याकडून तेच करून घेतलं. म्हणजे आकडा खरा पण कुठल्या कामासाठी बघायचा ते कळायला पाहिजे, आणि हे गाइडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

आता मधला भाग, खेळाचं वर्णन आणि व्हिडिओ, आणि इथे मात्र मी या गाइडला पूर्ण मार्क देतो, फक्त याच्यासाठीसुद्धा पैसे वसूल आहेत. अडचण अशी की टीव्हीवर कॉलेजची मॅच बघून रिसीव्हर कळतच नाही. कॅमेरा क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल फेकणाऱ्यावर असतो, बॉल त्याच्या हातात आला की रिसीव्हर पळत फ्रेमच्या बाहेर, आणि मग एकदम बॉल हवेतून येतो तेव्हा तो परत दिसतो, मधल्या तीन सेकंदात त्यानं काय केलं ते गायब. आणि रिसीव्हरचं सगळं काम त्या तीन सेकंदात असतं! गाइडच्या साइटवर प्रत्येकाच्या दोन-तीन मॅचचे उंचावरून घेतलेले तुकडे असतात, त्यात अख्खं मैदान दिसतं. फुकटच्या हायलाइटमध्ये पकडलेलेच बॉल दाखवतात, ते बघून प्रत्येक पोरगा देव वाटतो. या तुकड्यांत ज्या प्लेमध्ये बॉल त्याच्याकडे आलाच नाही तेपण आहेत, आणि मी सगळ्यात जास्त तेच बघतो. बॉल आपल्याकडे येणार नाही माहीत असूनही तो रूट, म्हणजे ठरवून दिलेला पळायचा मार्ग, पूर्ण पळतो का, का अर्ध्यात चालायला लागतो, दुसऱ्यासाठी ब्लॉक करतो का. स्वभाव तिथे दिसतो.

मग सुरुवात. कॉर्नरबॅक अगदी तोंडासमोर उभा असतो, त्याला प्रेस म्हणतात, आणि रिसीव्हरला त्याच्या हातातून सुटून निघायचं असतं. आपल्याकडे कबड्डी खेळलेल्या माणसाला हे लगेच कळेल, चढाईवाला रेषेवर येऊन पाय कसे हलवतो, खांदा एकीकडे आणि पाय दुसरीकडे, समोरच्याचं वजन चुकीच्या पायावर गेलं की तिथेच काम झालं. गाइडमध्ये प्रत्येक पानावर या सुटण्याबद्दल एक परिच्छेद असतो, हातांनी सुटतो का पायांनी, एकच युक्ती आहे का तीन-चार, आणि लिहिणाऱ्यानं खरोखर खूप बघून लिहिलंय हे जाणवतं. कॉलेजमध्ये बऱ्याच कॉर्नरबॅकना प्रेस नीट येत नाही किंवा त्यांचे कोच मागे उभे करतात, त्यामुळे एखादा पोरगा तीन वर्षं कोणी हात न लावता खेळलेला असतो आणि एनएफएलमध्ये पहिल्या महिन्यात गोंधळतो. म्हणून कोणाविरुद्ध खेळला हे बघा, आणि गाइड ते सांगते.

त्यानंतर रूट. स्लँट, आउट, कर्ल, कमबॅक, डिग, कॉर्नर, पोस्ट, गो, ही साधारण यादी, आणि काही कॉलेजमध्ये पोराला त्यातले तीन-चारच पळायला लावतात कारण त्यांची पद्धतच तशी. गाइडमध्ये कुठला रूट किती टक्के पळाला ते असतं. मला मात्र टक्क्यांपेक्षा वळताना त्याची कंबर किती खाली जाते ते महत्त्वाचं वाटतं. १५ यार्ड जोरात पळून जो दोन-तीन पावलात थांबतो आणि वळतो तो सुटतो, ज्याला पाच-सहा पावलं लागतात त्याचा बेत कॉर्नरबॅकला आधीच कळतो. उंच पोरांचं इथेच अडतं.

एक गोष्ट गाइडमध्ये नाही आणि असायला पाहिजे. कॉलेजमध्ये कॅच घेताना एक पाय आत टेकला तरी चालतो, एनएफएलमध्ये दोन्ही पाय लागतात. म्हणजे साइडलाइनवरचे कॉलेजचे कितीतरी कॅच वरच्या लेव्हलला कॅचच नसतील. मी स्वतः वहीत वेगळा रकाना करतो, साइडलाइनचा कॅच, दुसरा पाय होता का नव्हता. ज्या पोराला गरज नसतानाही दोन्ही पाय ओढायची सवय आहे त्याला मी एक पायरी वर ठेवतो. हे मी गाइडवाल्यांना ईमेल करून कळवलंय.

हातांबद्दल पण थोडं. सुटलेले बॉल किती टक्के हा आकडा असतो पण सुटला कसा हे लिहिलेलं नसतं, आणि फरक मोठाय. बॉल अंगावर घेऊन छातीला लावून पकडणारा आणि हात पुढे करून बोटांत घेणारा यात दुसरा पाहिजे, तो पळायच्या नादात चार बॉल सोडेल तरी चालेल, ते सुधारतं, पण जो छातीवर घेतो त्याचा बॉल वरच्या लेव्हलचा कॉर्नरबॅक हात घालून काढून टाकतो. मॅच बघताना प्रत्येक कॅचला बोटं का छाती एवढंच लिहा, दोन मॅचमध्ये माणूस कळतो.

खालचे कॉलेजचे आकडे. इथे गाइडनं एक काम चांगलं केलंय, एकूण यार्डांच्या वर त्यांनी 'पळालेल्या प्रत्येक रूटमागे यार्ड' हा आकडा ठेवलाय. एखादी टीम दिवसाला ४५ पास टाकते तिच्यात कोणीही हजार यार्ड करेल, आणि एखादी सारखी रनच (पास न टाकता बॉल घेऊन पळणं) खेळते तिच्यात चांगल्या पोराला बॉलच मिळत नाही, या आकड्यानं ते बरंचसं सरळ होतं. दुसरं म्हणजे वय. १९ व्या वर्षी स्वतःपेक्षा मोठ्या पोरांना मागे टाकणारा आणि २३ व्या वर्षी लहान पोरांविरुद्ध चमकणारा यांचे आकडे सारखे असले तरी किंमत सारखी नाही, आणि गाइड जन्मतारीख ठळक छापते.

'हा अमुक खेळाडूसारखा आहे' हे वाक्य मात्र काढून टाकलं तर गाइड सुधारेल असं माझं प्रामाणिक मत आहे. उंच असला की एका मोठ्या उंच खेळाडूचं नाव, बुटका चपळ असला की एका बुटक्या चपळ खेळाडूचं नाव, आणि एकदा ते नाव डोक्यात बसलं की आपण मॅचमध्ये तोच शोधायला लागतो. २०२० ला जस्टिन जेफरसनबद्दल काय म्हणायचे, हा एलएसयू कॉलेजमध्ये जास्त आतल्या बाजूनं, स्लॉटमधून खेळला, बाहेर प्रेसविरुद्ध जमेल का शंका आहे. १११ कॅच, १,५४० यार्ड, १८ टचडाउन करून आलेला पोरगा, त्याच्या आधी चार रिसीव्हर गेले, अगदी २१ व्या नंबरला फिलाडेल्फियानं जेलेन रेगर घेतला आणि २२ ला मिनेसोटानं जेफरसन. पहिल्याच वर्षी १,४०० यार्ड. 'स्लॉटचा आहे' हा शिक्का होता, दोष नव्हता, कोचनं जिथे उभं केलं तिथे तो उभा राहिला एवढंच.

आणि आता नावावरून माझी स्वतःची गोष्ट, जिच्यामुळे मी हे एवढं लांबड लावून लिहितोय. २०२४ ला आमच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड माझी होती. त्या वर्षी रिसीव्हर असे होते की पहिल्या राउंडमध्येच सात गेले. वर तीन नावं, ओहायो स्टेटचा मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर, एलएसयूचा मलिक नेबर्स, वॉशिंग्टनचा रोम ओडुन्झे. हॅरिसनचे वडील हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या महान लोकांच्या यादीत, २००२ ला एका सीझनमध्ये १४३ कॅच घेतलेला माणूस. पोरगा ६ फूट ३ इंच, बिलेटनिकॉफ अवॉर्ड म्हणजे कॉलेजचा सर्वोत्तम रिसीव्हर, आणि माझा मावसभाऊ कोलंबसला, म्हणजे मी त्याच्या मॅचेस तीन वर्षं बघत आलेलो. गाइडमध्ये ग्रेड सगळ्यात वर. कंबाइनला तो ड्रिल करायला उतरलाच नाही, तरी ग्रेड हलली नाही.

पण माझ्या वहीत मी नेबर्सबद्दल जे लिहिलं होतं ते आजही आहे. ८९ कॅच, १,५६९ यार्ड, ते सोडा, मी लिहिलं होतं की बॉल हातात आल्यावर पहिला माणूस याला पाडू शकत नाही आणि वळताना वेग कमीच होत नाही. हॅरिसनच्या पानावर माझंच अक्षर आहे की हात अप्रतिम, साइडलाइनला दोन्ही पाय ओढतो, पण कॅचनंतर फार काही होत नाही. माझे डोळे मला सांगत होते आणि मी ग्रेड आणि आडनाव बघून हॅरिसन घेतला. आमचे काका, ज्यांच्याकडे मी कापूस बघायला शिकलो, त्यांचं एक वाक्य आहे, "नाव देखीसन माल लेवू नको, हात लाईसन देख". त्यांना फुटबॉल काय माहीत नाही पण त्या वर्षी मला ते रोज आठवलं. हॅरिसन चौथ्या नंबरला ॲरिझोनाला गेला, ६२ कॅच, ८८५ यार्ड, ८ टचडाउन. वाईट नाही, दुसऱ्याच मॅचमध्ये रॅम्सविरुद्ध पहिल्या क्वार्टरमध्येच १३० यार्ड आणि दोन टचडाउन केले तेव्हा मी घरभर नाचलो होतो. पण नेबर्स सहाव्या नंबरला न्यूयॉर्क जायंट्सला गेला, ३ जिंकून १४ हरलेली टीम, क्वार्टरबॅक सारखे बदलतायत, आणि त्यात त्याचे १०९ कॅच, १,२०४ यार्ड, रुकी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, वाइड रिसीव्हरचा पुका नकुआचा १०५ चा विक्रम एकाच वर्षात मोडला. आणि हा नकुआ २०२३ ला पाचव्या राउंडमध्ये, १७७ व्या नंबरला गेला होता, १,४८६ यार्ड केले होते त्यानं पहिल्या वर्षी. नेबर्स धुळ्याच्या मित्राकडे आहे. त्यानं गाइड घेतलीच नव्हती.

हॅरिसन संपला असं मी म्हणत नाही, रिसीव्हरला दोन-तीन वर्षं द्यायला पाहिजेत. पण गाइडची ग्रेड आधी वाचली म्हणून माझं मत वाकलं, हे मला नक्की कळलं.

गाइडच्या बाजूनंपण सांगायला पाहिजे. त्याच वर्षी जॉर्जिया कॉलेजचा लॅड मकॉंकी, २०२३ ला दुखापतींमुळे फक्त ३० कॅच, ४७८ यार्ड, आकड्यांवर कोणी ढुंकून बघितलं नसतं. गाइडमध्ये लिहिलं होतं की आकडे विसरा, या वर्गात कॉर्नरबॅकपासून इतका स्वच्छ सुटणारे एक-दोनच आहेत, आणि व्हिडिओची लिंक होती. मी बघितलं, थांबायला दोन पावलं, वळला की समोरचा माणूस तीन यार्ड लांब. मी त्याला आमच्या ड्राफ्टच्या दुसऱ्या राउंडमध्ये घेतला. एनएफएलमध्ये चार्जर्सनी त्याला ३४ व्या नंबरला घेतला होता, ८२ कॅच, १,१४९ यार्ड. हा खेळाडू मला एकट्याला सापडला नसता, तेव्हा गाइडचे पैसे त्या एका पानात वसूल झाले म्हणा.

झेवियर वर्दीचं पानसुद्धा संतुलित होतं. ४.२१, कंबाइनचा नवा विक्रम, पण वजन १६५ पौंड, आणि गाइडनं सरळ लिहिलं होतं की चांगल्या टीमला गेला तर कामाचा, एकट्यावर भार टाकला तर नाही. तो गेला कॅन्सस सिटीला, पहिल्या वर्षी ६३८ यार्ड, मधे बरेच आठवडे शांत, आणि सुपर बोलमध्ये ८ कॅच १५७ यार्ड.

आता सेवेच्या तक्रारी. पहिल्या वर्षी पैसे दोनदा कापले गेले. मेल टाकला तर तीन दिवसांनी उत्तर, मग कार्डाचे शेवटचे चार आकडे मागितले, मग स्क्रीनशॉट, मग परत तेच, आणि पैसे परत यायला पाच आठवडे लागले, तोपर्यंत ड्राफ्ट होऊन गेला होता. पीडीएफ इतकी जड की मोबाइलवर उघडली की फोन गरम होतो आणि बोदवडला नेट जसं असतं तसं असतं, व्हिडिओ तर रात्री अकरानंतरच चालतात. गाइड मार्चच्या मध्याला येणार सांगून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आली, म्हणजे चाळीस पोरं बघायला दोन आठवडे, नोकरी करणाऱ्या माणसाला ते शक्य नाही. वेळेवर देणार नसाल तर तारीख जाहीर करू नका ना. दुसऱ्या वर्षी वेळेवर आली हेही सांगतो, आणि पानांची मांडणी मोबाइलसाठी वेगळी केलीय.

२०२५ ला मी पद्धत बदलली. गाइड आली की बायकोला, जिला यातलं काही बघायचं नसतं, तिला सांगितलं की प्रत्येक पानाचा खालचा भाग, ग्रेडचा, झाकून प्रिंट काढ, तिनं सगळी पानं तशी काढून दिली. ॲरिझोना कॉलेजचा टेटाइरोआ मॅकमिलन असा बघितला. ६ फूट ४ इंच, हवाईचा, आधी व्हॉलीबॉल खेळलेला, आणि ते दिसतं हो, बॉल हवेत असताना तो उडी कधी मारायची ते इतकं बरोबर ओळखतो की कॉर्नरबॅक खाली यायला लागलेला असतो तेव्हा हा वर असतो. न्यू मेक्सिकोविरुद्ध एका मॅचमध्ये १० कॅच, ३०४ यार्ड, ४ टचडाउन, पण मी ती मॅच मुद्दाम शेवटी बघितली कारण त्या दिवशी समोर कोणी नव्हतंच. जिथे त्याला चांगल्या कॉर्नरबॅकनी धरला तिथले तुकडे आधी. माझ्या वहीत आलं, सरळ वेग साधारण, उंचीच्या मानानं वळतो चांगला, बोटांनी पकडतो, काही प्लेमध्ये बॉल येणार नसेल तर ढिला पडतो. मग खालचा भाग उघडला. गाइडची ग्रेड माझ्यापेक्षा थोडी वर होती, कारण जवळजवळ सारखं, ढिलाईबद्दल त्यांनी एकच शब्द लिहिला होता. तो आठव्या नंबरला कॅरोलायनाला गेला तेव्हा गच्चीवर मी एकटाच होतो ज्याच्याकडे त्याचं दोन पानं भरून टिपण होतं.

कोणी घ्यावी? तुम्ही फक्त ड्राफ्टच्या दिवशी गंमत म्हणून बघणार असाल तर अडीच हजार घालवू नका, कंबाइनचे सगळे आकडे फुकट मिळतात. फँटसी खेळत असाल आणि आठवड्याला चार-पाच तास द्यायची तयारी असेल तर घ्या, पण व्हिडिओसाठी घ्या. दोघात मिळून घेतली तरी चालते, दोन फोनवर लॉगिन होतं, तिसऱ्यावर केलं की पहिला बंद पडतो. घेतल्यावर आधी पंधरा रिसीव्हर निवडा, चाळीस बघायला जाऊ नका. प्रत्येकाची सगळ्यात वाईट मॅच आधी बघा. ग्रेडवर कागद चिकटवा.

दोन पायांच्या रकान्याबद्दल मी जो मेल केला होता त्याला उत्तर आलंय, पुढच्या आवृत्तीत साइडलाइनच्या कॅचचे तुकडे वेगळे करून देऊ म्हणतात. दिले तर तिसऱ्या वर्षीपण घेणार आहे, धुळ्याचा मित्र अर्धे पैसे द्यायला तयार झालाय.